पिवळ्या चिठ्ठ्यांचा डबा

१५ सप्टेंबर

मियाओला आज बूट फेकून मारला! नेम चुकला म्हणून वाचली. कपाटाला पोचा आलाय.

कारण काय, तर ती सूर्यफुलाच्या बिया फोडत होती. कट्. कट्. कट्. दोन वर्षं आम्ही एका खोलीत राहतो अन् दोन वर्षं ती बियाच फोडतेय. आजच माझं डोकं का फिरावं? रस्सीखेचीचे बूट म्हणजे विटाच. लागला असता तर?

तिनं बियांची पिशवी उचलली अन् बाहेर गेली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

त्याआधी सकाळी वजन. सदुसष्ट नऊशे! माझं नेहमीचं साडेसहासष्ट. कोच न्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "पेइ-रोंग, आठवड्यात दीड किलो? मेसच्या मागच्या दारानं जातेस काय?" सगळ्या हसल्या. शपथेवर सांगते, दोन दिवस मी रात्री जेवलेलीच नाही. बोटातली अंगठी रुतलीय, बूट घट्ट होतायत, छातीला हात लावला तरी दुखतं. न्हाणीघरात नळ सोडून रडले. कशासाठी ते माहीत नाही. हेच तर — कशासाठी ते कधीच माहीत नसतं.

१७ सप्टेंबर

गावी. शरदाची पौर्णिमा. गल्लीत सगळ्यांच्या शेगड्या बाहेर, मांस भाजल्याचा धूर. आईनं टोपलीभर कालवं आणलेली. दिवसभर सोलून तिची बोटं पांढरी पडलेली.

आत्या म्हणाली, "दोर ओढतेस म्हणे. सगळ्यात शेवटची असते ती सगळ्यात जाड मुलगी ना गं?"

चेष्टाच होती. मी शेगडीला लाथ मारली. निखारे रस्त्यावर!

"आईवर गेलीय," आत्या शेजारणीला म्हणाली — हळू नव्हे, चांगलं ऐकू येईल असं. "हिच्या आईचंही हेच. डोळे फिरले की पोर आमच्याकडे पाठवायची."

आई वर न बघता चिमट्यानं एकेक निखारा उचलत होती. जणू लाथ तिनंच मारली होती.

मी तिसरीत असताना तिनं माझी चित्रांची वही फाडली होती. टराटरा. आठवड्यानं नवी आणली, उशाशी ठेवली, त्या विषयावर आजवर बोललेली नाही. आपणही तशाच होणार की काय ही भीती मला तेव्हापासूनची आहे. आज लिहून टाकली.

सगळं आवरल्यावर आई म्हणाली, "पौर्णिमा आहे, आ-रोंग. भरती मोठी असते. पाण्यातलं काहीबाही येतं अन् तुला बाधतं. अंगातला टीशर्ट काढून दे."

दिला.

१८ सप्टेंबर

परत हॉस्टेलवर. आई पहाटेच देवळात जाऊन आली. देवळातल्या काकू टीशर्टावरून उदबत्त्या ओवाळतात, तांदळाची वाटी फिरवतात, पुटपुटतात, कॉलरच्या आत लाल शिक्का मारतात. वर एक पिवळी चिठ्ठी — माझं नाव, तिथी, शिक्का. टीशर्ट घालायचा, चिठ्ठी उशीखाली. कॉलेजला आल्यापासून दर महिन्याला हे चालू आहे. एरवी टीशर्ट टपालानं जातो-येतो. मियाओ म्हणते, "तुझ्यापेक्षा तुझा टीशर्ट जास्त वेळा गावी जातो." (आज म्हणाली नाही. अजून बोलत नाही.)

२० सप्टेंबर

मावशी आली (पाळीला सगळ्या असंच म्हणतात). पोटात दुखतंय, पण डोक्यावरचं आभाळ एकदम उतरलं. वजन सहासष्ट सातशे. मियाओला बियांची मोठी पिशवी आणून दिली. "बूट कपाटात ठेवून मगच देतेयस ना?" म्हणाली. हसलो!

चिठ्ठी उशीखालून काढून बिस्किटांच्या डब्यात टाकली. उतारा प्रत्येक वेळी लागू पडतो. काकूंच्या हातात काहीतरी आहे.

२ ऑक्टोबर

कोचनी तारीख सांगितली. महाविद्यालयांचं अजिंक्यपद — १४ आणि १५ डिसेंबर. आठ मुली, मिळून पाचशे किलो. त्यावर एक ग्रॅम नाही.

कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणजे सगळ्यांनी ठरवून पाहिलं नाही.

मागच्या वर्षी डिसेंबरच्या तीस तारखेला आमचं वजन भरलं पाचशे किलो चारशे ग्रॅम. दोराला हातही न लावता घरी. बसमध्ये हिशोब सोपा होता — बाकी साती जणी आपापल्या आकड्यावर होत्या, मी दीड किलोनं वर. कॅप्टन छियाओ-यिंग ताईंचं ते चौथं, शेवटचं वर्ष असतं तर त्यांची संधी गेलीच असती. यंदा आहे त्यांचं चौथं वर्ष.

मी आठवी आहे. शेवटची. दोर माझ्या काखेखालून पाठीवर जातो, खांद्यावरून पुढं येतो. सात जणी ओढतात, मी धरून ठेवते. लहानपणी बाबांच्या होडीवर कालवांच्या माळा ओढून हे पाय तयार झालेत. मला दुसरं काही एवढं चांगलं येत नाही. ही जागा गेली तर मी कोण?

१४ ऑक्टोबर

नको लिहायला.

लिहिते. पहिल्या वर्षाची थिंग आज सरावात माझ्या पुढं होती. तिचा पाय घसरला अन् मी किंचाळले — "येत नसेल तर घरी जा!" अठरा वर्षांची पोर. ती रडली नाही, मीच रडले! मॅटवर बसून, सगळ्यांसमोर, दोर अंगावर तसाच.

कोचनी मला बाजूला घेतलं. "ताकद आहे तुझ्यात. मन कच्चं आहे. वजनही बघ, पुन्हा अडुसष्टला टेकलीस. नोव्हेंबरात हेच झालं तर थिंग आठवी."

छियाओ-यिंग ताईंनी माझा दोर गुंडाळून ठेवला फक्त.

१५ ऑक्टोबर

आईला फोन केला. रडले. "टीशर्ट पाठव," म्हणाली. पाठवला.

१८ ऑक्टोबर

टीशर्ट आला. पिवळी चिठ्ठी. उशीखाली.

१९ ऑक्टोबर

मावशी हजर. बरं वाटतंय. थिंगची माफी मागितली. ती म्हणाली, "ताई, मला वाटलं तुम्हाला मी आवडत नाही." कसंसंच झालं.

२२ ऑक्टोबर

आज!!

आरोग्य केंद्राच्या नर्स शाओ बाईंचं व्याख्यान होतं, मुलींसाठी. हजेरीची सही मिळते म्हणून गेलो, नाहीतर कोण जातं? मियाओ मागं बसून बिया फोडत होती. बाई छोट्याशा, आवाज मात्र बाजारातल्यासारखा. म्हणाल्या, "पाळीच्या चार-सहा दिवस आधी उगाच रडू येतं, संताप येतो, झोप उडते, अंग सुजतं — अन् पाळी आली की सगळं गायब. असं कोणाकोणाला होतं?" हॉलमध्ये खुसखुस. एकही हात वर नाही. "बरं. आता हे सांगा — आपला स्वभावच वाईट आहे असं कोणाकोणाला वाटतं?"

त्यावर हसलं नाही कोणी. माझा हात वर गेला! मी केला नाही, गेला. मग आणखी पाच-सहा गेले.

बाई म्हणाल्या, "घरी जा अन् तारखा लिहा. दोन महिने. स्वभाव असता तर रोज असता. जो तारखेनं येतो तो स्वभाव नव्हे."

मी मियाओला ओढतच खोलीवर आणलं. तारखा लिहायला दोन महिने कशाला? दोन वर्षांच्या तारखा माझ्याकडे आहेत — देवळाच्या शिक्क्यानिशी!

डबा पलंगावर उपडा केला. सत्तावीस पिवळ्या चिठ्ठ्या. काकू तिथीच लिहितात, म्हणून भिंतीवरची दिनदर्शिका काढली, जुन्या वर्षांच्या मेसच्या काकांकडून मागून आणल्या. मियाओनं वाचायचं, मी तारीख लावायची. आधी वाटलं आईचंच खरं निघतंय. सप्टेंबर पौर्णिमा, ऑक्टोबर पौर्णिमा. मग मागं मागं गेलो तर तिथी सरकत गेली. उन्हाळ्यात वद्य चतुर्थी. त्याआधी अष्टमी. पहिल्या वर्षीच्या तर सगळ्या अमावास्येच्या! तेव्हा काकू म्हणायच्या, "अमावास्येला हिला बाधतं." मग आम्हाला न कळत पौर्णिमेला बाधायला लागलं अन् कोणी विचारलंच नाही की हे भूत वार बदलतं कसं!

चंद्र सरकला. अंतर सरकलं नाही. एकोणतीस दिवस. एकोणतीस. अठ्ठावीस. तीस. एकोणतीस. अन् प्रत्येक चिठ्ठीनंतर एक-दोन दिवसांत — या वहीत शोधलं — "मावशी आली. बरं वाटतंय." प्रत्येक वेळी! उतारा लागू पडत होता कारण तो नेहमी शेवटच्या दिवशी पोचत होता.

मियाओ म्हणाली, "म्हणजे माझ्या डोक्यात बूट येणार ते आधी कळू शकतं?"

"तारीख वार सांगते तुला."

"मग मी त्या दिवशी बिया बाहेर खाईन," म्हणाली. एवढं सोपं! मी हसता हसता रडले. पण हे रडणं कशाचं ते मला माहीत होतं.

एक चिठ्ठी वेगळी काढून ठेवलीय. मागच्या अजिंक्यपदाच्या वेळची. एक जानेवारी. वजनानंतर दोन दिवसांनी.

२३ ऑक्टोबर

नर्स शाओंकडे चिठ्ठ्या घेऊन गेले. बाईंनी चष्मा वर केला, खाली केला, म्हणाल्या, "बावीस वर्षांच्या नोकरीत असा पुरावा कोणी आणला नव्हता."

पाळीपूर्व त्रास — त्याला नाव आहे, औषधं आहेत. अंगात पाणी साठतं, म्हणून वजन. चरबी नव्हे, पाणी! येतं अन् जातं. बाईंनी विचारलं, "त्या दिवसांत जगू नये असं वाटतं का?"

"नाही. मियाओ जगू नये असं वाटतं."

हसल्या, पण लिहून घेतलं. म्हणाल्या, कधी तसं वाटलं तर त्याच दिवशी माझ्याकडे यायचं, दार न वाजवता. खारवलेलं कमी खा, झोप चुकवू नकोस, जेवण तर मुळीच चुकवू नकोस. तरी फार झालं तर डॉक्टर. "अन् हे सोसायचं म्हणून सोसू नकोस. त्याचं बक्षीस नसतं."

२५ ऑक्टोबर

सरावानंतर कपडे बदलायच्या खोलीत सगळ्यांना सांगितलं. चिठ्ठ्या बाकावर मांडल्या.

छियाओ-यिंग ताईंनी केस बांधता बांधता सांगितलं, "मी दर महिन्याला माझ्या बॉयफ्रेंडशी संबंध तोडते. मग चार दिवसांनी जोडते. त्याला वाटतं मी जादूटोणा करते."

मग काय, बांधच फुटला! एकीला झोप नाही, एकीला गोड खाऊन खाऊन ओकारी, एकीला काहीच नाही (तिच्याकडे आम्ही सगळ्या रागानं पाहिलं). थिंग म्हणाली, "मला वाटायचं माझ्यातच काहीतरी बिघडलंय. आईला विचारायची लाज वाटायची." मी तिला जवळ घेतलं. याच पोरीवर किंचाळले होते मी.

कपाटाच्या दाराला आतून तारखांचा तक्ता लावलाय. आठ जणी, आठ माशांची चित्रं. मी फुगा मासा. दुसरं काय!

५ नोव्हेंबर

कोचना तक्ता सापडला. हाताला लावायच्या राळेचा डबा शोधायला कपाट उघडलं.

"हे काय? वाढदिवस?"

छियाओ-यिंग ताईंनी सरळ सांगितलं. एका दमात, सगळं. कोचचा चेहरा उकडलेल्या कोळंबीसारखा झाला. पन्नाशीचा माणूस, हातावर दोराचे वळ मिरवणारा — दाराकडे बघत म्हणाले, "हे असलं मला सांगत जाऊ नका. दोर कोणाची तारीख विचारत नाही. नाजूकपणाला सबब लागते, बस."

अन् गेले. राळ न घेताच.

आज सतरा दिवस झालेत. फुगायची वेळ नाही. हा राग खरा आहे, चोवीस कॅरेट.

८ नोव्हेंबर

राग कामाला लावला. कागदावर लिहिलं —

"१३ ते १५ नोव्हेंबर: पेइ-रोंग एक किलो दोनशे ते दीड किलो वर. जेवण तेच. १९ तारखेला पुन्हा साडेसहासष्टच्या आसपास. कॅप्टन ११ तारखेला आठशे ग्रॅम वर, १६ला जागेवर. थिंगमध्ये फरक नाही."

पाकिटात घालून चिकटवलं. कोचच्या हातात दिलं. "एकोणीस तारखेपर्यंत उघडू नका. तोवर रोज वजन तुम्हीच घ्या. चुकलं तर मी आपणहून जागा सोडते, थिंगला देते."

मियाओ म्हणते मला वेड लागलंय. पण कोचनी पाकीट खिशात ठेवलं!

१३ नोव्हेंबर

आलं. माहीत असूनही आलं. अंग जड, कातडी नको झालेली, दरवाजा वाजला तरी ओरडावंसं वाटतं. थिंगच्या हसण्याचा राग. सूर्याचा राग.

फरक एवढाच की सकाळी दारावर कागद लावला — "नाश्त्याआधी बोलू नये." मियाओनं बिया व्हरांड्यात खाल्ल्या. सरावात रडू आलं तेव्हा ताई म्हणाल्या, "किती दिवस राहिले?" "चार." "बरं. दोर धर." मी धरला.

वजन सदुसष्ट नऊशे. कोचनी दोनदा घेतलं.

१४ नोव्हेंबर

आईचा फोन. "पौर्णिमा जवळ आली. टीशर्ट नाही आला अजून?"

मी सांगून टाकलं. चिठ्ठ्या, तारखा, एकोणतीस दिवस, नर्सबाई, सगळं. घाईनं बोलले, टोचून बोलले — दिवसच तसा. "देवीचं काही नव्हतं गं त्यात. तो उतारा नुसता शेवटच्या दिवशी पोचायचा."

ती म्हणाली, "मग मी इतकी वर्षं देवळात काय करत होते?"

अन् फोन ठेवला.

पुन्हा लावला. उचलला नाही. दर महिन्याला पहाटे उठून, भरतीच्या आधी, सायकलवरून चार मैल जात होती ती. माझ्यासाठी. अन् मी काय बोलले!

१७ नोव्हेंबर

मावशी. आईला निरोप टाकला, "चुकले." उत्तर नाही.

१९ नोव्हेंबर

कोचनी सरावाच्या आधी पाकीट फोडलं. चष्मा नाकावर, एका हातात माझा कागद, दुसऱ्यात रोजच्या वजनांची वही. बोट सरकत होतं. आम्ही आठ जणी भिंतीला टेकून.

तेरा तारीख — एक किलो चारशे वर. पंधरा — दीड. आज — साडेसहासष्टच्या खाली, शंभर ग्रॅम कमीच! कॅप्टन — आठशे लिहिलं होतं, साडेसातशे भरलं.

कोचनी कागदाची घडी घातली. पुन्हा उघडली. पुन्हा घातली. मग म्हणाले, "डिसेंबरचं सांग. चौदा आणि पंधरा."

माझी सोळा तारीख. म्हणजे अगदी शिखरावर. सगळ्यांना समजलं. मी तोंड उघडलं, "मी जागा —"

"जागा कोण मागतंय? आकडा मागतोय. दीड किलो धरू? मग तो दीड दुसरीकडून आधीच काढून ठेवू. थिंग हलकी आहे, तिला तिसऱ्या नंबरवर घेऊ." अन् गणकयंत्र काढून बसले! तक्ता दाराबाहेर आणून भिंतीवर लावला. स्वतःच्या हातानं.

संध्याकाळी आठ वाट्या गोड टोफू आणला. माझी वाटी देताना दुसरीकडे बघत म्हणाले, "मागच्या वर्षी तू चोरून खातेस असं मी म्हटलं होतं. बसमध्ये. सगळ्यांसमोर."

"हो."

"म्हणायला नको होतं."

अन् लगेच ओरडले, "खा, खा, उद्या पायऱ्या चढायच्यात!" जिंकले मी. पाकीट जिंकलं!

१ डिसेंबर

यादी लागली. तीन — थिंग. आठ — मी.

आईला फोटो पाठवला. तिनं पाहिला. बोलली नाही.

१४ डिसेंबर

काट्यावर आठ जणी एकापाठोपाठ. माझे अडुसष्ट! आधी लाजेनं मान खाली गेली असती. कोच शांतपणे कागदावर टिक करत होते.

बेरीज: चारशे नव्व्याण्णव किलो तीनशे!! सातशे ग्रॅम खाली! प्रत्येकीच्या हातावर शिक्का मारला. लाल. मला काकूंची आठवण आली.

गटातले तिन्ही सामने जिंकलो. झोपते.

१५ डिसेंबर

कुठून सुरू करू?

अंतिम सामना. समोर मागच्या वर्षीच्या विजेत्या, हिरव्या कपड्यांतल्या. पहिला डाव आमचा. दुसरा त्यांचा. तिसऱ्याच्या आधी थिंग मागं वळून म्हणाली, "ताई, बुटाची नाडी सुटलीय तुमची." एवढंच! अन् मला रडू फुटलं. हुंदके, नाक, सगळं. ती वाकली अन् नाडी बांधून परत आपल्या जागेवर गेली. मी रडतेच आहे.

पंच आले. कोचना विचारलं, "आठवीला काय झालं? बदली हवीय?"

अन् कोच न्ये — जे "असलं सांगत जाऊ नका" म्हणून राळ विसरून पळाले होते ते — कडेवरून गरजले, "काही झालेलं नाही! उद्या तिची मावशी यायचीय! ओढू द्या तिला!"

आख्ख्या हॉलला ऐकू गेलं. वरच्या बाकांवरून बायका हसल्या, अन् टाळ्या! समोरची हिरवी आठवी — धिप्पाड पोरगी — माझ्याकडे बघून हसली अन् स्वतःकडे बोट दाखवून तीन बोटं वर केली. तीन दिवस! तीसुद्धा!

सप्टेंबरात हे झालं असतं तर मी लाजेनं मेले असते. आज मी रडता रडता हसत होते.

"रडतेयस ना? रड," पुढून ताई म्हणाल्या. "पाय रोव अन् रड."

दोर उचला. ताण घ्या. स्थिर. ओढा!

किती वेळ गेला माहीत नाही. म्हणतात सव्वा दोन मिनिटं. दोर खांद्यात रुतला होता, डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून मॅटवर पडत होतं, अन् माझे पाय एक इंच हलले नाहीत. एक इंच! होडीवर बाबांच्या मागं उभी राहायचे तशी उभी होते. मग समोरून काहीतरी सुटल्यासारखं झालं. एक पाऊल. दुसरं. मग धडाधड!

चार मीटर. शिट्टी. आठ जणी एकमेकींच्या अंगावर. ताई माझ्यापेक्षा मोठ्यानं रडत होत्या अन् त्यांची तर तारीखही नव्हती!

बसमध्ये कोच म्हणाले, "पुढच्या वर्षी पहिल्या वर्षाच्या पोरींना पहिल्याच दिवशी तक्ता द्यायचा. मी सांगेन." मग जरा थांबून, "म्हणजे... छियाओ-यिंग सांगेल. मी शेजारी उभा राहीन."

खिडकीतून चंद्र दिसत होता. पौर्णिमा. बिचाऱ्यावर उगाच आळ घेतला होता आम्ही.

१६ डिसेंबर

मावशी आली. ट्रॉफी बघायला.

१९ डिसेंबर

आईचं पार्सल. वाटलं टीशर्ट असेल. पौर्णिमेच्या सणाच्या चंद्रपोळ्यांचा जुना पत्र्याचा डबा निघाला, गंजलेला. आत पिवळ्या चिठ्ठ्या. शेकडो. वर्षावर्षाचे गठ्ठे, कालवांच्या माळेच्या दोरीनं बांधलेले. नाव माझं नाही, तिचं. पहिली मी जन्मायच्या आधीची. शेवटची माझी पहिली चिठ्ठी यायच्या वर्षभर आधीची. एक गठ्ठ्याबाहेर, सगळ्यात वर — मी तिसरीत होते त्या वसंतातली. वही फाडली त्या आठवड्यातली.

सोबत बिलाच्या पाठीवर चार ओळी. "आ-रोंग, हे पण मांडून बघ. कोणाला न सांगता जात होते. माझा स्वभावच वाईट असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे."

मियाओ तिथी वाचत होती, मी तारखा लावत होते. फरशी भरली, व्हरांड्यापर्यंत गेली. सव्वीस दिवस. सव्वीस. सत्तावीस. सव्वीस. फक्त मी पोटात होते तेवढे महिने एकही चिठ्ठी नाही.

फोन लावला. पलीकडे कालवं सोलायचा आवाज येत होता. मी अंतर सांगितलं. आवाज थांबला.

"सगळ्याच?" आईनं विचारलं.

"सगळ्याच, आई."